सासूबाईंसाठी पाचवं चाक

जाहिरातीत 'फिफ्थ व्हील' असं लिहिलं होतं आणि मला वाटलं, स्टेपनीसुद्धा देतायत.

एवढ्यावरून कोणी माणसाची अक्कल काढू नये. जुन्या कॅरव्हॅनच्या जाहिरातीत पाचवं चाक म्हटल्यावर दहातल्या नऊ सुशिक्षित माणसांना स्टेपनीच आठवेल. दहावा माणूस म्हणजे आमचा समर. आम्ही रीडिंगहून एकाच ट्रेनने लंडनला ऑफिसला जातो. त्याला प्रत्येक गोष्ट आधीपासून माहीत असते, फक्त सांगतो तो नंतर.

कॅरव्हॅन हवी होती ती सासूबाईंसाठी. हे वाक्य शेजाऱ्यांना, इन्शुरन्सवाल्यांना आणि कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मी इतक्यांदा ऐकवलंय की आता झोपेतसुद्धा ते इंग्रजीत बोलेन. माझ्या सासूबाई म्हणजे नीना मोडक. सांगलीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली. आज वय एकाहत्तर, पण मोडकबाई समोरून येताना दिसल्या की गावातल्या निम्म्या बायका अजून पोट आत घेतात. मीही घेतो. व्हिडिओ कॉलवरसुद्धा घेतो.

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईंनी माझ्याकडे कधी काही म्हणजे काही मागितलं नाही. ज्यांना हे जावयाचं सुख वाटतं त्यांनी अनुभव घेऊन पाहावा. न मागणाऱ्या सासूपुढे जावई कायम परीक्षेला बसलेला असतो आणि पेपर काही हातात पडत नाही. तो पेपर एका रविवारी पडला. उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला यायच्या होत्या, त्याचं बोलणं चाललं होतं, आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मिलिंदराव, मागच्या खेपेला मोटरवेवर ते पांढरे डबे दिसायचे बघा. माणसं घरच घेऊन निघालेली. तसं एकदा समुद्राकाठी राहावं म्हणते. नाही जमलं तरी चालेल."

मागे उभी असलेली माझी बायको, कस्तुरी, मानेने मला 'नको, नको' करत होती. ती हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. संकट यायच्या आधी तिला दिसतं.

"आई," मी म्हणालो, "जमलंच म्हणून समजा."

"भाड्याने मिळतात की," फोन बंद झाल्यावर कस्तुरी म्हणाली.

"सासूबाईंना भाड्याचा डबा? भाड्याने माणूस फार तर शेरवानी आणतो."

समरने ट्रेनमध्ये सल्ला दिला. "हे बघ, सेकंडहँड कॅरव्हॅन घेताना एकच गोष्ट बघायची. ओल. आत शिरलास की कोपऱ्याकोपऱ्यात नाक लावून वास घे. विकणारा काय म्हणेल तिकडे लक्षच देऊ नकोस."

विकणारा काही म्हणाला नाही. हेरफर्डजवळच्या एका शेतात राहणारा हा नायजेल गुरांचा निवृत्त डॉक्टर होता, त्यामुळे मी त्याच्या कॅरव्हॅनचा प्रत्येक कोपरा हुंगत असताना त्याला काही वावगं वाटलं नसावं. आणि हुंगता हुंगता मी त्या डब्याच्या प्रेमात पडलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. काय तो डबा! आत दोन आरामखुर्च्या, चार शेगड्यांचा ओटा, ओव्हन, उभं राहून अंघोळ करता येईल असा शॉवर. पुढच्या बाजूला तीन पायऱ्या चढून गेलं की वरच्या मजल्यावर झोपायची खोली आणि पलंगाला लागून ही एवढी खिडकी. मी हेलिकॉप्टरसुद्धा जवळून पाहिलंय, पण असा हरखलो नव्हतो. आमची तेरा वर्षांची अन्वी जन्मापासून इथलीच. मराठी ती प्रेमाने बोलते, फक्त लिंगाचा हिशेब ठेवत नाही. ती पलंगावर आडवी होऊन म्हणाली, "बाबा, हा घर आपल्या घरापेक्षा चांगली आहे."

व्यवहार ठरला. हस्तांदोलन झालं. मग नायजेलने सहज विचारावं तसं विचारलं की ओढून कशाने नेणार. मी अभिमानाने आमच्या हॅचबॅककडे बोट दाखवलं. नायजेलने हॅचबॅककडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आय'ल पुट द केटल ऑन."

या देशात वाईट बातमी चहाबरोबर देतात. कस्तुरी तर ताबडतोब खुर्ची शोधून बसली. रोज हॉस्पिटलमध्ये ती स्वतः लोकांना असाच चहा देते.

बातमी अशी होती. साधी कॅरव्हॅन गाडीच्या मागे अडकवतात. फिफ्थ व्हीलचं तसं नसतं. त्याचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात, बरोबर मध्यावर बसवलेल्या एका लोखंडी जोडावर टेकतो. त्या जोडाचं नाव फिफ्थ व्हील. म्हणजे पाचवं चाक हे मुळात चाकच नव्हतं. आणि हॅचबॅकला हौदा नसतो.

दुसरा चहा ओतताना नायजेल म्हणाला की योगायोगाने त्याला तो ट्रकही काढायचाच होता.

घेऊन यायची होती स्टेपनीसकट कॅरव्हॅन, आणि झाला ट्रकसकट बंगला. परतीच्या वाटेवर स्विंडन आलं तेव्हा कस्तुरी म्हणाली, "तू आणतोयस. तू चालवायचास." एवढंच. पुढे या वाक्याने माझे फार हाल केले.

त्या शनिवारी नायजेल स्वतः डबा घेऊन आमच्या क्लोजमध्ये आला. आमचा क्लोज म्हणजे टोकाला बंद असलेली गल्ली. समोरासमोर बारा घरं, बारा हिरवळी, आणि बारा घरांच्या खिडक्यांत बारा पडदे, जे काहीही घडलं की दोन बोटं बाजूला सरकतात. त्या दिवशी ते पूर्ण उघडले. नायजेलने एका दमात, एका हाताने, शीळ घालत तो सगळा डबा उलटा आमच्या ड्राइव्हवर, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या जागेत, घातला, कुंडीलाही धक्का न लावता. मी त्याचा व्हिडिओ काढला, पुढे अभ्यासाला होईल म्हणून. मग डबा सोडवून, ट्रकची किल्ली माझ्या हातात देऊन, त्याने डब्याच्या पत्र्यावर घोड्याला थोपटावं तशी थाप मारली आणि मी त्याला स्टेशनवर सोडून आलो.

परत आलो तर ब्रायन उभा होता. ब्रायन शेजारचा. क्लोजच्या रहिवासी मंडळाचा सेक्रेटरी, खजिनदार आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद.

"आय'म नॉट वन टु कम्प्लेन, मिलिंद," तो म्हणाला, आणि पुढे अर्धा तास तक्रार केली. आमच्या सगळ्यांच्या घरांच्या मूळ खरेदीखतात एक अट आहे. घराच्या पुढच्या बाजूला कोंबड्या, बोट किंवा कॅरव्हॅन ठेवायची नाही. या तीन गोष्टी एका रांगेत का बसवल्या, हे मी अजून शोधतोय. शिवाय डब्याचं नाक आमची हद्द ओलांडून फुटपाथवर वीतभर आलं होतं. आणि ब्रायनची बायको मार्गारेट हिला स्वयंपाकघरातून समोरचा चेरीचा वृक्ष दिसायचा, तो आता दिसत नव्हता. तिची कंबर दुखते, ती फारशी बाहेर पडत नाही, तेव्हा ते झाड म्हणजे तिचं सगळं काही, असं ब्रायन म्हणाला. हे शेवटचं मला लागलं. पण डबा हलवायचा तर तो चालवावा लागणार होता.

मी त्याला सांगितलं, सासूबाई आल्या की आम्ही समुद्रावर जाणार. तोवर सांभाळून घे.

तोवर इन्शुरन्स. फोनवरच्या मुलीच्या यादीत फिफ्थ व्हील नव्हतं. तिने विचारलं, एका जागी कायमची ठेवलेली आहे की फिरती? मी म्हणालो, आहे फिरती, पण अजून फिरलेली नाही. तिने सुपरवायझरला विचारलं आणि परत येऊन म्हणाली, सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे घोड्यांचा ट्रेलर, चालेल का? चालेल म्हणालो. घोडे किती? सध्या एकही नाही. भविष्यात? मी तिला सासूबाईंबद्दल सांगितलं. तिने मला दुसऱ्या कंपनीचा नंबर दिला.

आता चालवण्याचं. लायसन्स होतं, ट्रक होता, इन्शुरन्स शेवटी मिळालं, फक्त मी चालवणारा नव्हतो. नुसता ट्रक मी बऱ्यापैकी चालवायला लागलो. पण डबा जोडून मागे घ्यायचा म्हटलं की स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे जातो, आणि हे कळूनही हात ऐकत नाहीत. समरने मला दोन खेळण्यातल्या गाड्या आणून दिल्या आणि ट्रेनमधल्या टेबलावर शिकवलं. टेबलावर मला छान जमायचं. समोर बसलेल्या एका गृहस्थांनी कौतुकही केलं. मग एका रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या मोकळ्या कारपार्कमध्ये खरा डबा नेला आणि मागे घेताना ट्रॉल्या ठेवायची शेड वाकवली. पुढे न्यायला जागा असेल तिथे मी राजा होतो. मागे यायचं म्हटलं की रंक. घरी परतल्यावर ड्राइव्हमध्ये डबा उलटा घालायला मला इतका वेळ लागला की ब्रायन मधे जाऊन जेवून आला.

सासूबाईंना हीथ्रोवरून आणायला मी ट्रकच घेऊन गेलो. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "भक्कम आहे." माझ्या एकाही पगारवाढीला ही दाद मिळाली नव्हती.

घरी पोचून त्यांनी ड्राइव्हवरचा डबा पाहिला. आत गेल्या, पायऱ्या चढल्या, वरच्या खिडकीतून डोकावल्या. खाली आल्या तेव्हा डोळे चमकत होते. "माझ्यासाठी घेतलात?"

"हो आई. हवा जरा निवळली की निघूच."

त्या रात्री त्यांच्यासाठी तयार केलेली खोली रिकामी राहिली. त्या बॅग घेऊन डब्यात राहायला गेल्या, आणि तिथेच राहिल्या.

हवा निवळली. मग मी म्हणालो, शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी जाऊ दे. मग म्हणालो, टायर तपासून घेतो. टायर तपासले. मग एम फोर मोटरवेवर काम चालू आहे म्हणालो, जे या देशात कधीही खरंच असतं. प्रत्येक वेळी सासूबाई म्हणायच्या, "घाई नाही हो. मला इथंच छान वाटतंय." आणि खरोखरच छान चाललेलं दिसत होतं. सकाळी त्या आमच्या हिरवळीवर व्यायाम करायच्या. पहिल्या दिवशी बारा पडदे सरकले. दुसऱ्या दिवशी समोरची बाई कुत्रा फिरवण्याच्या निमित्ताने थांबली आणि कुत्रा बांधून रांगेत उभी राहिली. आठवडाभरात अर्धा क्लोज हिरवळीवर. सासूबाईंचं इंग्रजी म्हणजे हुकमांचं इंग्रजी. "यू, ग्रीन स्वेटर. नी स्ट्रेट. नॉट टॉकिंग." कोणाला राग आला नाही. इंग्रज माणसाला रांगेत उभं केलं की तो निम्मा खूश होतो, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं.

एके दिवशी मार्गारेट आली. फाटकाशी उभी राहून बघत होती. सासूबाई रांग सोडून तिच्याकडे गेल्या, तिच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाल्या, "ओन्ली धिस मच. टुडे धिस मच. टुमॉरो, वी सी." मार्गारेटने वीतभर पाय उचलला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुढच्या महिन्यात ती चालत चेरीच्या झाडापर्यंत गेली आणि त्याला हात लावून परत आली. ब्रायन खिडकीतून हे पाहत होता. तो बाहेर आला नाही, पण त्या संध्याकाळी आमच्या दारात त्याच्या बागेतल्या रनर बीन्सच्या शेंगांची मोठी पिशवी होती.

पण कोंबड्या, बोटी आणि कॅरव्हॅनची ती तक्रार ब्रायनने कौन्सिलकडे आधीच धाडली होती आणि तिचं चाक कधीच फिरायला लागलं होतं. ब्रायनने ती मागे घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की तक्रार करायला एक खातं आणि मागे घ्यायला दुसरं. शेवटी कौन्सिलची एक तरुण अधिकारी आली. टॅब्लेट घेऊन, फार सभ्य. फुटपाथवरचं नाक तिने मोजलं. मग विचारलं, यात कोणी राहतं का? मग नियम समजावला. कॅरव्हॅनमध्ये राहणारी व्यक्ती स्वयंपाक-जेवणासाठी मुख्य घरावर अवलंबून असेल तर हरकत नाही. डबा घराला पूरक धरतात. तशी अवलंबून नसेल तर मात्र ते वेगळं घर होतं, आणि त्याला परवानगी लागते.

"तुमच्या सासूबाई जेवतात कुठे?"

मी खोटं बोलणार होतो. पण तेवढ्यात अन्वी डब्यातून ताट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "वी ऑल ईट हिअर." गेले कित्येक दिवस सासूबाईच डब्यात स्वयंपाक करत होत्या आणि आम्ही तिघंही तिथेच जेवत होतो. घराच्या ओट्यावर फक्त टपाल ठेवलेलं असायचं. अधिकारी बाईंनी टॅब्लेटकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "म्हणजे घर कॅरव्हॅनवर अवलंबून आहे," त्या हळूच म्हणाल्या. असा रकाना त्यांच्याकडे नव्हता. तो प्रश्न त्यांनी वरच्या लोकांवर सोपवला. पण नाकाबद्दल त्या ठाम होत्या. पंधरवड्यात नाक फुटपाथवरून गेलं पाहिजे.

त्या गेल्यावर मी कस्तुरीला म्हणालो, "एखाद्या स्टोरेजवाल्याला बोलावू. तो येऊन घेऊन जाईल. नाहीतरी आईंना समुद्राचं काही नाही. इथेच रमल्यात."

कस्तुरी भांडी पुसत होती. ती थांबली.

"तुला खरंच तसं वाटतं? आई इथे रमल्येय ते मला माहितीये. पण आल्यापासून रोज झोपताना ती अन्वीकडून फोनवर भरती-ओहोटी किती वाजता आहे ते विचारून घेते. डॉर्सेटची, जिथे आपण जाणार होतो. तू घाबरलायस हे तिला हीथ्रोवरच कळलं. तुला कमीपणा वाटू नये म्हणून ती ड्राइव्हवर राहत्येय, मिलिंद."

मला राग यायला हवा होता. माझ्या जागी कुठल्याही स्वाभिमानी माणसाला आला असता. मी बाहेर जाऊन डब्याच्या पायरीवर बसलो. आत सासूबाई कपडे घडी करत होत्या.

"आई, शनिवारी निघू."

"हवा?"

"कशीही असू दे."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग मी पुऱ्या करते," त्या म्हणाल्या.

शनिवारी निघताना सगळा क्लोज बाहेर आला होता आणि प्रत्येकजण वेगवेगळ्या दिशेने हात करत होता. मी पुढेच जाणार होतो, म्हणून छान निघालो. ब्रायनने खिडकीशी येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "शी इज कमिंग बॅक, इजंट शी?"

मोटरवेवर मी राजा होतो. डॉर्सेटमध्ये शिरलो, समुद्राचा वास आला, आणि मग रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅवने, कोण जाणे काय विचार करून, आम्हाला एका लेनमध्ये वळवलं. दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच कुंपणं, मधे बरोबर एक गाडी जाईल एवढा रस्ता. आम्ही वळणावर आलो आणि समोरून कोच, म्हणजे सहलीची मोठी बस, आला. समुद्र पाहून परतणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी भरलेला. कोचला मागे जायला जागाच नव्हती, त्याच्यामागे टेकडी होती. आम्हालाच मागे एका शेताच्या फाटकापर्यंत जावं लागणार होतं. आणि तोवर आमच्या मागे गाड्या लागल्या होत्या. कोचच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घातली.

माझे हात स्टीअरिंगवर होते आणि मला ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. मागून हॉर्न वाजला. या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी. कस्तुरी म्हणाली, "मी घेऊ का?" आणि तिने ते प्रेमाने विचारलं होतं, म्हणून जास्तच लागलं.

मागच्या सीटवरून सासूबाई उतरल्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगावर साडी, वरून अन्वीचा रेनकोट. त्या माझ्याकडे न बघता मागे चालत गेल्या, डब्याच्या कडेने, पहिल्या गाडीपाशी न थांबता थेट शेवटच्या गाडीपर्यंत. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी अशी शिट्टी मारली की कुंपणातले पक्षी उडाले.

"यू, रेड कार. यू फर्स्ट. बॅक. स्लोली. गुड." लाल गाडी मागे सरकली. "नाऊ यू. नॉट यू, बिअर्ड. वेट." दाढीवाला थांबला. त्याने हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला. एकेक करत सगळ्या गाड्या मागच्या टोकाला जाऊन फाट्यावर ओळीने उभ्या राहिल्या. कुणी काच खाली करून वाद घातला नाही.

कोचचा ड्रायव्हर उतरून माझ्या खिडकीशी आला होता. "इज शी पोलीस?" त्याने विचारलं.

"नो," मी म्हणालो. "पी.टी. टीचर."

"आह," तो म्हणाला, आणि पोट आत घेतलं.

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. कुंपणाला पाठ लावून, डब्याच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

"मिलिंदराव! आरसा सोडा. डोकं बाहेर काढा आणि माझ्या हाताकडे बघा. दुसरीकडे कुठे नाही."

मी डोकं बाहेर काढलं. पाऊस भुरभुरत होता.

"आई, मला नाही जमत हे."

"माहीत आहे. माझ्या मुली लाकडी घोड्यावरून उडी मारायच्या ना, त्यांचंही असंच व्हायचं. पळत यायच्या आणि घोड्यापाशी थांबायच्या. पडायच्या त्या थांबल्यामुळे. घाबरायचं असेल तर खुशाल घाबरा. फक्त मधे थांबू नका. चला."

त्यांचा हात उजवीकडे गेला. माझा हात त्यांच्यामागे गेला. डावीकडे की उजवीकडे, डबा कुठे जाणार, मी काही विचार केला नाही. एकाहत्तर वर्षांची बाई लेनमध्ये उलटी चालत होती आणि मी तिच्या हाताला बांधल्यासारखा मागे येत होतो. कुठे कुंपणाच्या फांद्या पत्र्यावर घासल्या, मी कचरलो, तर तिकडून "चला!" आलं. आणि अचानक त्यांनी मूठ मिटून वर धरली. मी ब्रेक दाबला. डबा शेताच्या फाटकात होता. अख्खा. नायजेलने घातला असता तसा.

कोच समोरून गेला. आतल्या सगळ्या म्हाताऱ्या बायका काचेला नाक लावून बघत होत्या, आणि एकीने सासूबाईंना चक्क सॅल्यूट केला. सासूबाईंनी परत केला.

त्या ट्रकमध्ये येऊन बसल्या, रेनकोट झटकला. सीटबेल्ट त्यांना दोनदा चुकला, तिसऱ्यांदा अन्वीने लावून दिला. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्या होत्या. मला त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. मराठीत सुचेना, इंग्रजीत शोभेना. मी म्हणालो, "आई, पुरी द्या."

संध्याकाळी आम्ही कड्यावरच्या एका शेतकऱ्याच्या कुरणात डबा लावला. सकाळी उठून मी बाहेर आलो तर वरच्या खिडकीचा पडदा उघडा होता आणि सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, हनुवटी खिडकीच्या चौकटीवर टेकून. खाली समुद्र पार दूरपर्यंत पसरलेला, पांढऱ्या कड्यावर ऊन नुकतं आलेलं. मी हाक मारली नाही. अन्वी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कुजबुजली, "बाबा, आजी रडतोय का?"

"नाही," मी म्हणालो. "बघतेय."

आम्ही तिथे ठरलं होतं त्याच्या दुप्पट राहिलो. शेतकरी म्हणाला, हिवाळ्यात डबा इथेच ठेवा, गोठ्यामागे जागा आहे. फुटपाथवरच्या नाकाचा प्रश्न असा सुटला. ब्रायनला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला की मंडळाच्या पुढच्या सभेत तो कॅरव्हॅनची अट काढायचा ठराव मांडणार होता. कोंबड्यांबद्दल मात्र तो अजून ठाम आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रक धूत होतो. सासूबाई येऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"मिलिंदराव, सायकल शिकले, पोहायला शिकले, मुलींना बांबूच्या उडीपर्यंत सगळं शिकवलं. हे राहिलं. या कुरणात कोणी नाही. गाईसुद्धा पलीकडे आहेत. बसू का?"

शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, खुशाल.

मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. क्लच, ब्रेक, गिअर दाखवले. एकदा दाखवले, दुसऱ्यांदा दाखवायला लागलो तर म्हणाल्या, "कळलं." मग मी खाली उतरून कुरणाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. मागे डब्याच्या पायरीवर कस्तुरी आणि अन्वी, कुंपणाशी शेतकरी.

ट्रक दोनदा गचका खाऊन बंद पडला. तिसऱ्यांदा निघाला. हिरव्या गवतातून, समुद्राच्या बाजूने, सावकाश, सरळ रेषेत, माझ्याच दिशेने. स्टीअरिंगमागे पदर खोचलेल्या मोडकबाई, पाठ ताठ, नजर समोर.

"आई, उजवीकडे!" मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी उजवीकडे खूण केली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डावीकडे वळल्या, माझ्याभोवती एक सुरेख मोठा वळसा घातला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला म्हणाल्या, "बाजूला व्हा, मिलिंदराव. अजून एक फेरी."